होडीत ज्यानं नाही म्हटलं

पुढे जे लिहितोय त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ओनोतोआ बेटावर माझ्याइतकं खोटं कोणी बोलत नाही, आणि माझ्याइतकं नीटनेटकं तर कोणीच नाही. वादळाच्या शेपटीला होडी बांधून दूरच्या तारावा बेटावर जाऊन आलेला नाबुआका तो मीच. आमच्याकडच्या विहिरीतला खेकडा देवळातली गाणी म्हणायचा, तेही मीच सांगितलं, आणि दोन बायका तो खेकडा ऐकायला रात्रभर विहिरीवर बसल्या. पण ही गोष्ट त्या जातीची नाही. ही मी हौसेनं सांगितली नाही. ही मला सांगावी लागली.

झालं असं की बहिणीच्या मुलानं, बरानिकोनं, भर मानेआबात माझी होडी मागितली. मानेआबा म्हणजे आमच्या गावाचं सभाघर, केवड्याच्या पानांचं भलंमोठं छप्पर. त्याखाली प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली. दुपारची वेळ. म्हातारे चटयांवर लवंडलेले, बायका एका अंगाला पानं विणत बसलेल्या. बरानिको वाकत वाकत पुढे आला, मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मामा, तुझी होडी. बुबुसी."

हा शब्द नात्यातल्या माणसानं उच्चारला की विषय संपतो. द्यायचं. विचार करायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही, 'उद्या बघू' म्हणायचं नाही. उद्या तुम्ही त्याच्याकडे मागाल तेव्हा तोही देणारच असतो.

मी म्हटलं, "नाही."

बायकांचे विणणारे हात थांबले. बरानिको माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कोणीतरी भर सभेत त्याच्या कानाखाली मारावी तसा त्याचा चेहरा झाला.

"दाजी, ऐकू कमी येतंय का?" इओतेबानं विचारलं. हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ, गावातल्या म्हाताऱ्यांतला पहिला.

"चांगलं ऐकू येतं."

"पोरानं काय मागितलं ते कळलं?"

"कळलं. होडी."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"तुम्हालाच ऐकू कमी येतंय, इओतेबा."

कोणी हसलं नाही. इओतेबानं पाय दुमडून घेतले आणि घसा साफ केला. "दाजी, गेल्या पावसात तुम्ही माझ्या सुनेला जाळं दिलं नाहीत. त्याच्या आधी कुऱ्हाड. त्याच्या आधी साधी चटई. लोक मला विचारतात, तुझ्या बहिणीनं कुठल्या परदेशी माणसाशी लग्न लावलंय? आम्ही गप्प बसलो, कारण तुम्ही समुद्रातून परत आलेले. पण आज पुरे झालं. होडी द्या, नाहीतर ती जागा सोडा."

ती जागा म्हणजे मी बसलो होतो ती. चौथ्या खांबाजवळची. तिथे माझा बाप बसला, आजा बसला. जागा गेली की माणूस जिवंतपणी पाहुण्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, बाहेरच्या बेटांवरून आलेल्या लोकांत, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. तो मेला तरी कोणत्या खांबाजवळ रडायचं हा प्रश्न पडतो.

"सोडतो," मी म्हटलं. "पण नाही का म्हणतो ते आधी ऐकून घ्या. मग सगळे मिळून मला उचला आणि बाहेर ठेवा."

इओतेबा कुरकुरला, पण उठला कोणीच नाही. माझ्यावर चिडलेली माणसंसुद्धा माझी गोष्ट टाकून जात नाहीत.

"तेव्हा मी तरुण होतो," मी सुरुवात केली, "आणि दिसायला या बेटावर माझ्या तोडीचा कोणी नव्हता."

"सुरुवातच खोट्यानं केलीस, म्हाताऱ्या," बायकांमधून अरोइता म्हणाली. माझी बायको. तेवढ्यावर सगळे हसले, आणि मला जरा बरं वाटलं.

"बरं, दिसायला बरा होतो. पण नाही म्हणता येत नव्हतं. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. कोणी मागितलं की माझा हात आधी पुढे जायचा, मन मागून यायचं. वल्ही मागितली, दिली. नांगराचा दोर मागितला, दिला. इओतेबा, माझं शीड कोणी नेलं होतं?"

"माझ्या धाकट्यानं," इओतेबा म्हणाला. "लग्नाच्या मांडवावर घालायला."

"आणि इंजिनाचा जास्तीचा प्लग?"

इओतेबा जमिनीकडे बघायला लागला. "तो... मी नेला असेन."

"लग्न तरी टिकलं का?" मागून बरानिकोनं विचारलं.

"लग्न मोडलं, शीड फाटलं. प्लगाचं काय झालं ते इओतेबाला विचार. म्हणजे मी त्या सकाळी प्रवाळाच्या कडेबाहेर ट्यूनाच्या मागे गेलो तेव्हा होडीत इंजिन, गळाची दोरी, सुरी आणि पाणी उपसायचा शिंपला. बाकी सगळं बेटावर, कोणाच्या ना कोणाच्या घरी. माझी होडी या बेटावर जितक्या घरांत होती तितक्या घरांत मी स्वतः कधी गेलो नव्हतो."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाला आपापल्या घरातलं माझं काहीतरी आठवलं असणार.

"इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. प्रवाह पश्चिमेकडे. आधी बेट दिसत होतं, मग नुसते माडांचे शेंडे, मग डोळ्यांना वाटत राहिलं की शेंडे आहेत. वल्ही असती तर हात मोडेपर्यंत मारून परत आलो असतो. वल्ह्यांनी त्या वेळी कोणाच्या तरी गळक्या छपराला टेकू दिला होता.

"किती दिवस गेले ते विचारू नका. सुरुवातीचे मोजले. पुढे मोजणारा वेगळा आणि तहानेनं मरणारा वेगळा, असं व्हायला लागलं. पाऊस आला की सदरा पसरायचा, भिजला की तोंडात पिळायचा. एक पक्षी स्वतःहून माझ्या डोक्यावर येऊन बसला. त्याला वाटलं बेट. मी हात वर नेला तरी उडाला नाही, इतका दमला होता बिचारा. त्याचं रक्त मी प्यालो. होडीच्या सावलीत खाली मासे जमायला लागले होते. त्यातला एक हाताला लागला, काळा, जाड कातडीचा. कापला. आणि घास तोंडात घालायच्या आधी, अंगातली सवय, मी मान वर करून हाक मारली, 'ये रे, जेवायला ये!'"

एका म्हाताऱ्यानं नकळत मान डोलावली. दारावरून जाणाऱ्याला हाक न मारता या बेटावर कोणी घास घेत नाही. आई दूध पाजता पाजता बाळाला हेच शिकवते.

"समोर फक्त समुद्र. आणि होडीच्या पुढच्या फळीवरून कोणीतरी म्हणालं, 'आलो.'"

"कोण?" बरानिकोनं विचारलं.

"मी."

"मामा, तू तर मागे बसला होतास ना?"

"मागे मी होतो. पुढेही मीच होतो. फक्त पुढचा जास्त देखणा होता."

आता हशा पिकला. इओतेबाही मिशीत हसला. हसू ओसरेपर्यंत मी थांबलो, कारण पुढे त्यांना हसायला फारसं मिळणार नव्हतं.

"माझ्याकडे पाठ करून बसला होता. मान माझी, खांदे माझे. मी माशाचे दोन वाटे केले आणि मोठा त्याच्याजवळ ठेवला. पाहुणा. संध्याकाळी बघतो तर वाटा तसाच, उन्हात वाळून काळा झालेला. म्हटलं, लाजतोय. दुसऱ्या माशाचेही दोन वाटे. तोही तसाच पडून. पोटात आग, हातभर अंतरावर मांस, आणि मी त्याला हात लावला नाही. आपण पाहुण्याच्या वाट्याला हात लावतो का?"

"नाही," दोन-तीन म्हातारे एकदम म्हणाले.

"नाही लावत. नंतर त्याला वास सुटला तेव्हा मी तो समुद्रात टाकला आणि त्याची माफी मागितली, की पाहुणचार नीट झाला नाही."

"म्हणजे अर्धा मासा रोज फुकट गेला," इओतेबा हळूच म्हणाला.

"अर्ध्याहून जास्त. मोठा वाटा त्याचा. तरी मला तो हवा होता, इओतेबा. माझेच जुने विनोद मला सांगायचा आणि मी हसायचो. मी समुद्राच्या पाण्याची ओंजळ भरली की मान न वळवता डोकं हलवायचा, नको म्हणून. मी ओतून द्यायचो. नाहीतर पहिल्या आठवड्यातच खारं पाणी पिऊन वेडा झालो असतो. झोपायच्या पाळ्या लावल्या आम्ही. मी झोपलो की त्यानं पाणी उपसायचं."

"आणि सकाळी होडी कोरडी?" बरानिको.

"गुडघाभर पाणी! माझ्यासारखाच आळशी."

"शार्क नाही आला का एखादा?" मागून कोणीतरी बोललं. "तुझ्या गोष्टीत शार्क नाही असं कसं होईल?"

"होता की. मागे मागे यायचा, इतका सभ्य की कधी होडीला धक्का लावला नाही."

"त्यानंही बुबुसी केली का?" इओतेबानं टोमणा मारला.

"नाही. तो आपली पाळी येण्याची वाट बघत होता."

तेव्हा कोणी हसलं, कोणी नाही.

"मग एक दिवस वारा पडला. पाणी तेलासारखं झालं. त्या दिवशी तो पहिल्यांदा वळला. ओठ फुटलेले, डोळ्यांच्या कडांना मीठ. मला म्हणाला, 'दादा, ऊन फार आहे. तुझी टोपी. बुबुसी.'

"मी दिली. तुम्हीही दिली असती. पुढच्या फळीवर ठेवली. त्यानं घातली असेल नसेल, पण थोड्या वेळानं वाऱ्याची एक झुळूक आली आणि टोपी पाण्यावर तरंगत लांब गेली. माझ्या टाळूला फोड आले. मी म्हटलं, जाऊ दे, त्याला तेवढी सावली मिळाली.

"मग सदरा मागितला. 'भावा, सदऱ्यावरच तर पाऊस धरतो आपण,' मी म्हटलं. आपल्यात मागणारा दोनदा मागत नाही. नुसता बसून राहतो, आणि ते बघवत नाही. दिला. मग गळाची दोरी. दिली. सरसर करत गेली, गळासकट. मग सुरी."

"सुरी नाही द्यायची, मामा," बरानिको म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता.

"मलाही तेच वाटलं. हातात घट्ट धरून बसलो. सुरी गेली की मासा नाही, कासव नाही, काही नाही. तो बघत बसला. माझ्या चेहऱ्यानं माझ्याकडे. शेवटी मी मूठ उघडली. एवढासा आवाज झाला पाण्यात. माड तासताना शेंड्यावरून नीरेचा थेंब पडतो ना, तेवढा. त्या आवाजानं मी रडलो. डोळ्यांतून काही आलं नाही, पण रडलो."

छपराखाली आता माश्या तेवढ्या हलत होत्या.

"माझ्याजवळ देण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण मागणाऱ्याला सापडतं. 'घरची काकवी आठवते तुला,' तो म्हणाला. आठवत होती. रोज सकाळी जिभेवर काही नसताना मी डोळे मिटून अरोइतानं उकळलेली नीरेची काकवी आठवायचो, ती दाट झाली की बोट बुडवायचो, आणि त्या एका बोटावर दुपारपर्यंत जगायचो. 'ती चव दे,' तो म्हणाला. 'बुबुसी.'

"दिली. कशी दिली ते सांगता येत नाही. दुसऱ्या सकाळी डोळे मिटले तर तोंडात फक्त तोंड होतं. तेव्हापासून मला गोड लागत नाही. हिला विचारा. आल्यापासून मी काकवीच्या भांड्यात कधी बोट घातलं का?"

सगळ्यांनी अरोइताकडे बघितलं. तिनं मांडीवरचं विणकाम उचललं आणि एक पान ओढून घट्ट केलं.

"मग शेवटचं. ऊन डोक्यावर होतं. तो पुढच्या फळीवरून उठून मधल्या फळीवर आला. इतक्या जवळ तो कधीच आला नव्हता. म्हणाला, 'दादा, आता तुझी जागा. बुबुसी.'

"'कुठली जागा?' मी म्हटलं. 'ही? मागची फळी? मग मी कुठे बसू?'

"त्यानं पाण्याकडे बघितलं. रागानं नाही, हावरेपणानं नाही. शेजारी चटई मागतो ना, तसं. आणि मी उठलो."

"उठलास?" बरानिको.

"जन्मभर उठलोच होतो, पोरा. कोणी मागितलं की माझे पाय माझं ऐकत नसत. कडेला आलो. एक पाय बाहेर टाकला. पाणी कोमट होतं, घराच्या आत गेल्यासारखं. थोड्या अंतरावर शार्कच्या पराचं ते काळं टोक, सभ्यपणे थांबलेलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता कोणी काही मागणार नाही. दुसरा पाय उचलला."

इथे मी थांबलो. इतकी वर्षं गोष्टी सांगतोय, कुठे थांबायचं ते कळतं मला.

"मग?" बरानिकोनं विचारलं. इओतेबानंही तेच विचारलं, दोघांनी एकदम.

"मग मी म्हटलं, नाही."

कोणाच्या तरी तोंडून श्वास सुटला.

"तो शब्द आला तेव्हा ओठ चिरले. रक्त हनुवटीवरून खाली आलं. त्याला कळलंच नाही, असा बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं, नाही. जागा माझी. मग तो उठला. आपण भरतीच्या वेळी बेटाच्या आतल्या उथळ पाण्यात उतरतो तसा उतरला. आधी एक पाय, मग दुसरा. आवाज नाही. पाण्यावर डोकं होतं तोवर माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत राग नव्हता. मग ते पराचं टोक हललं, आणि मी फळीवर आडवा होऊन डोळे झाकून घेतले.

"दुसऱ्या दिवशी की त्याच्या दुसऱ्या, परदेशी ट्यूनावाल्यांचं जहाज आलं. त्यांनी मला जाळ्यातल्या माशासारखं वर ओढलं. वर एकानं बोटं दाखवून विचारलं, एकटाच? मी एक बोट दाखवलं."

मी घाम पुसला. "आता कळलं? मी जगलो तो त्या एका शब्दावर. त्या दिवशी तो तोंडातून आला नसता तर ही जागा केव्हाच रिकामी झाली असती. म्हणून कोणी बुबुसी म्हणालं की मला पुढच्या फळीवर तो बसलेला दिसतो, आणि मी नाही म्हणतो. तुमच्यावर राग नाही. तुम्हाला नाही म्हणत नाही मी. त्याला म्हणतो."

बरानिको आधी उठला आणि जवळ येऊन माझ्या पायाशी बसला. "राहू दे, मामा. होडी राहू दे. मी दुसऱ्या कोणाची बघतो."

इओतेबानं हातानं तोंड पुसलं. त्याच्या डोक्यात तो प्लग अजून फिरत असावा. "दाजी," तो म्हणाला, "हे आधी सांगायचं होतंत. आम्ही काय दगड आहोत? जागा तुमचीच. काय हो?" त्यानं बाकीच्यांकडे बघितलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकानं माझ्यासमोर नारळ सरकवला.

मी पाय पसरले आणि चौथ्या खांबाला पाठ टेकली.

"खोटं," अरोइता म्हणाली.

हलकेच हसण्याची लाट आली. सगळ्यांना ती हवीच होती. "कुठलं ग मामी?" बरानिकोनं विचारलं. "शार्कचं की पक्ष्याचं?"

"शार्क असेल. पक्षी असेल. टोपीही दिली असेल, सुरीही." तिनं विणकाम बाजूला ठेवलं होतं. "माझा नवरा तसाच होता. त्यानं पाय पाण्यात टाकला, तेही खरं."

"मग खोटं काय, अरोइता?" इओतेबा म्हणाला.

ती त्याच्याकडे वळलीच नाही. माझ्याकडे बघत होती. पाहुण्यांच्या कोपऱ्यात नवीन कोणी येऊन बसलं की बायका बघतात, तसं. माझ्याशी ती आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हणून बोलली नव्हती.

"पाय बाहेर टाकलेला माणूस नाही म्हणाला, हे खोटं. त्याच्याकडे कोणी मागितलं आणि त्यानं दिलं नाही, असं कधी झालंच नाही. जहाजातून उतरलात तेव्हापासून मला ठाऊक आहे. त्यानं जागा दिली. तुम्ही बसलात."